मोर्च्याआधी नोटीस वाच

प्रिय बाबू,

तुझा निरोप पोचला. लष्कराच्या गोळीबार सरावाच्या रेंजची हद्द तुमच्या शिवारापर्यंत येणार म्हणून गाव तापलंय आणि सोमवारी तहसीलवर मोर्चा न्यायचं ठरलंय. जा, मोर्चा हवाच. भाषणात काय घेऊ असं विचारलंस, पण नोटीस कोणत्या कायद्याखाली निघाली आहे हे तुझ्या एवढ्या लांब निरोपात कुठंच नाही. ते आधी वाच.

कायदे दोन आहेत. एक १९३८ चा, लष्करी कवायती आणि गोळीबाराच्या सरावाचा. त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते. सरकार राजपत्रात ठरावीक वर्षांसाठी क्षेत्र जाहीर करतं, गोळीबाराच्या दिवशी माणसांनी ढोरं घेऊन बाहेर निघायचं आणि नुकसान झालं तर भरपाई मागायची. सात-बाऱ्यावर नाव तसंच राहतं म्हणून लोक गाफील राहतात. दुसरा २०१३ चा भूसंपादन कायदा, त्यात जमीनच जाते. संरक्षण खात्यासाठी घेताना कास्तकारांची संमती लागत नाही, हे गावाला आत्ताच सांगून टाक. ८० टक्के संमतीची अट खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनाला आहे. ‘८० टक्के संमतीशिवाय जमीन घेताच येत नाही’ असा जो मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय, त्यावर भिस्त ठेवलीत तर तोंडघशी पडाल.

याच २०१३ च्या कायद्यातलं तातडीचं कलम ४० लावलं, तर सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि हरकतींची पायरीसुद्धा सरकारला गाळता येते. पण त्याच कलमात लिहिलंय की हा तातडीचा अधिकार कमीत कमी लागेल तेवढ्याच जमिनीपुरता. म्हणून ‘एवढी जमीन कशाला?’ हे खुशाल विचारा. कोणी देशद्रोही म्हटलं तर कलम वाचून दाखवा. आणि कलम ४० लावलेलं नसेल, तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत प्रत्येकाची लेखी हरकत गेली पाहिजे, पोच घेऊन.

आता खरं सांगायचं ते. मोर्च्यात पुढं कोण चालणार? पाच-दहा एकरवाले. त्यांच्याजवळ सात-बारा आहे. मोबदल्याचा आकडा वाढला की त्यातले काही घरी बसतील. मी त्यांना नावं ठेवत नाही, कापसाचा भाव पाहता कोणीही बसेल. ज्याला शेवटपर्यंत उभं राहावं लागणार, त्याच्याजवळ कागदच नाही. ढोरकी, शेळ्यावाले, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया, मोहफुलं वेचणारे, बोडीत, म्हणजे गावतळ्यात, मासे धरणारे ढिवर. नकाशावर त्यांची जागा रिकामी दिसते. साहेब बोट ठेवून ‘इथं तर काहीच नाही’ म्हणतो आणि गावातले मोठे लोकही मान हलवतात, कारण त्यांचं स्वतःचं वावर त्या बोटाखाली नसतं.

त्या रिकाम्या जागेचा कागद आपल्या विदर्भात आहे. तुमच्या गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढ. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेली ही दप्तरं आहेत, पुण्याकडच्या वकिलांना कित्येकदा त्यांची नावंही ठाऊक नसतात. ढोरं कुठं चरतील, सरपण आणि लाकूडफाटा कुठून आणायचा, हे निस्तार पत्रकात. खासगी जमिनीतून जायची वहिवाट, पाणी, मासेमारी, हे वाजिब-उल-अर्जात. जमीन महसूल संहितेची १६१ आणि १६५ ही कलमं वाच. शिवारात झुडपी जंगल, म्हणजे महसुली दप्तरात त्या नावानं नोंदलेली खुरट्या झुडपांची जमीन, किती तेही पाहा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचा निकाल दिला. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची मंजुरी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक दावाही करता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये असा हक्क मिळवला, तिकडं एकदा जाऊन ये. दाव्याचा ठराव मोर्च्याच्या आधी झाला तर फारच उत्तम.

जवानांविरुद्ध एकही घोषणा नको. तुमच्याच गावची पोरं भरतीसाठी पहाटे त्या रस्त्यावर धावतात. मात्र धोक्याबद्दल बोलायला लाजू नका. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या मैदानात, सोनेगाव (आबाजी)जवळ, जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा माणसं गेली. त्यांत आजूबाजूच्या गावांतले मजूर होते. सराव संपल्यावर मैदान कोण तपासणार, न फुटलेला गोळा सापडला तर कोणाला कळवायचं, हे लेखी मागा. भंगाराच्या लोभानं पोरं आत शिरतात, हे तुलाही माहीत आहे.

किती वर्षं लागतील, असं तू विचारलं नाहीस. तरी सांगतो. झारखंडात नेतरहाटच्या रेंजविरुद्ध २४५ गावं उठली. मार्च १९९४ मध्ये टुटुवापानीला लोक रस्त्यावर बसले आणि सरावाला आलेलं लष्कर परत फिरलं. पण अधिसूचनेची मुदत वाढवणार नाही, हे सरकारच्या तोंडून यायला २०२२ उजाडलं. मधली सगळी वर्षं लोक दर मार्चला तिथं जमत राहिले. फ्रान्समध्ये लार्झाकच्या माळावरचा तळ ३ हजार हेक्टरांवरून १७ हजारांवर न्यायचं १९७१ मध्ये ठरलं. १०३ कास्तकारांनी जमीन विकणार नाही अशी शपथ घेतली, मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चारल्या, आणि १९८१ मध्ये नवा राष्ट्राध्यक्ष आल्यावर तो बेत रद्द झाला. त्या कास्तकारांसाठी उपोषणाला बसलेला इटालियन गांधीवादी लेखक लांझा देल वास्तो १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेला होता. शांतिदास हे नाव त्याला गांधीजींनीच दिलं. आपल्याकडच्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

म्हणून एकट्याच्या घशावर आंदोलन चालवू नकोस. वर्गणीचा हिशेब एखाद्या बाईकडं दे. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत सभा ठेवू नको, कोणी येत नाही आणि मग फूट पडल्याची आवई उठते.

निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकलांचा अर्ज उद्याच टाक, मोर्च्याच्या दिवशी दप्तरात कोणी भेटणार नाही. जुन्या नोंदी मोडी लिपीतल्या निघाल्या तर मला पाठव, मी वाचून देतो. येताना गावनकाशाची प्रतही आण, पांदण कुठून जाते ते त्यावर खूण करून.

तुझा,
काका