नीट व्हायची वाट बघू नकोस

तुझा मेसेज सकाळी वाचला, आलेला रात्री पावणेदोनला. "सगळं मार्गी लागलं की सगळ्यांशी बोलेन, आत्ता कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही" हे जे लिहिलंयस ना, त्यावरच बोलायचंय मला, कारण हेच वाक्य मी स्वतः चार महिने घोकलंय. हातचं काम सुटलं होतं, फोन वाजला की मी तो पालथा करून ठेवायचे, म्हटलं आधी काहीतरी जमू दे मग सांगू, आणि झालं काय तर जमलं काहीच नाही, उलट न उचललेल्या फोनांचंच ओझं होऊन बसलं, आता इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने बोलू असं. शेवटी एका मैत्रिणीला नुसतं "आहेस का?" एवढंच टाकलं. कुठे गायब होतीस हे तिने विचारलंसुद्धा नाही, सरळ फोनच केला.

ताण आला की आपण आधी माणसांपासूनच लांब जातो आणि नेमकं तेच महागात पडतं. 2006 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात 16 विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून आता शॉक बसू शकतो असा इशारा द्यायचे, कधी एकटीला, कधी अनोळखी माणसाचा हात हातात, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात असला की मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी, अनोळखी हातानेही थोडा फरक पडलाच. शॉकची भीती तीच होती, बदलला फक्त हात. म्हणून कोणी तुझा प्रश्न सोडवू शकत नसलं तरी त्याच्याशी बोलणं फुकट जात नाही.

मेसेजमध्ये काय लिहायचं सुचत नसेल तर हेच लिही: "सल्ला नकोय, दहा मिनिटं ऐकशील का?" हे आधी सांगितलेलं बरं असतं, नाहीतर समोरचा मायेपोटी लगेच उपाय सांगायला लागतो आणि आपण अजून मिटून जातो. बोलायचं त्राण नसेल तर सोबत नुसतं चालायला जा, शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणं आपोआप निघतं.

झोपेचं तेवढं बघ, दुपारनंतर कॉफी नको, तिचा अंमल तासन्‌तास उतरत नाही. रात्री दोनला स्वतःबद्दल कुठलाही निकाल लावायचा नाही.

आणि एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नकोस. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीचंही काही नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटायचंच, ताप उतरत नसला की जातोच ना आपण, तसंच. जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर दोन आठवडे काय दोन तासही थांबायचं नाही, त्याच क्षणी जवळच्या कोणाला तरी उठवायचं, हेल्पलाइनला फोन लावायचा, मला लाव, कितीही वाजलेले असू देत.

रविवारी संध्याकाळी मी फोन करतेय. नाही उचललास तरी मी रागावणार नाही, पुढच्या रविवारी परत करेन.