मातीचे भांडे पूर्ण वाळेपर्यंत आकसतच राहते का, आणि त्याला तडा नेमका केव्हा जातो?

नाही. आकसणे बरेच आधी थांबते, वाळणे मात्र त्यानंतरही चालू राहते, आणि बहुतेक तड्यांचे बीज या पहिल्या टप्प्यातच पडलेले असते.

चिकणमातीचे कण म्हणजे पातळ चकत्या असतात, बहुतेक दोन मायक्रॉनहूनही लहान. हाताने घडवण्याजोग्या मातीत 100 ग्रॅम कोरड्या मातीमागे साधारण 20 ते 30 ग्रॅम पाणी असते, आणि त्यातले बरेचसे चकत्यांच्या मध्ये थरासारखे पसरलेले असल्यामुळे त्या एकमेकींवरून घसरतात व माती हवी तशी वळते. पृष्ठभागावरचे पाणी उडून गेले की आतले पाणी बाहेर येते, मधले थर पातळ होतात, चकत्या जवळ ओढल्या जातात आणि जेवढ्या आकारमानाचे पाणी गेले जवळजवळ तेवढेच भांडे लहान होते. चकत्या एकमेकींना टेकल्या की हे थांबते. उरलेले पाणी कणांमधल्या पोकळ्यांतून निघून जाते व त्याची जागा हवा घेते, म्हणूनच गडद दिसणारी माती या सुमारास फिकट पडू लागते.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. मी ओल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढली आणि रोज रेघेची लांबी व पट्टीचे वजन अशी दोन्ही मापे घेतली. रेघ 9.4 सेंटिमीटरवर येऊन थांबली, वजन मात्र त्यानंतरही काही दिवस उतरत राहिले.

तडा आकसण्यामुळे जातो असे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण सगळे भांडे एकाच वेगाने आकसले तर ते फक्त लहान होईल. पेल्याचा पातळ काठ आधी वाळून आखडतो, जाड बूड अजून ओले असते, आणि दोघांच्या ओढाताणीत काठाला चीर पडते किंवा भांडे वाकडे होते. अर्धवट वाळलेल्या पेल्याला ओला कान जोडला तर तो सांध्यापाशी सुटतो, तोही याच कारणाने. त्यामुळे काठावर प्लास्टिक टाकावे, भांडे उचलण्याजोगे झाले की पालथे ठेवावे आणि रंग फिकट होईपर्यंत घाई करू नये. नंतर ऊन लागले तरी सहसा बिघडत नाही. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळल्यास आकसणेच कमी होते, कारण तो चुरा पाणी पिऊन फुगत नाही. जाड मूर्तींसाठी मी तो नेहमी घालतो.

वाळलेले दिसणारे भांडे खरोखर कोरडे आहे का, हे गालाला लावून पाहावे. गार लागले तर आतून अजून पाणी उडते आहे, आणि असे भांडे भट्टीत भराभर तापवले तर 100 अंश सेल्सिअसच्या पुढे आतली वाफ ते फोडते.

केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या रचनेत बांधलेले पाणी, वजनाच्या सुमारे 14 टक्के, 450 ते 600 अंशांच्या दरम्यान निघून जाते आणि ते परत येत नाही. तोपर्यंत तडकलेले भांडे वाया गेलेले नसते. ते पाण्यात टाकल्यास पुन्हा माती मिळते. मात्र टाकण्याआधी ते पूर्ण वाळू द्यावे, कारण कोरडे तुकडे पाण्यात पाहता पाहता विरघळून गाळ होतात, तर अर्धवट ओले ढेकूळ दिवसेंदिवस तसेच पडून राहते.