दोन दीनार आणि उतारशाळा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मीच करते. मदतीला कोणी ठेवायचं म्हटलं की मन खातं. देवाने दिलेली सेवा मी दुसऱ्याच्या गळ्यात घालतेय का?

ताई, चांगल्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट (लूक 10) तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. ती आज शेवटपर्यंत वाचा. लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूच्या जखमांवर हा शोमरोनी तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. रात्रभर जवळ राहतो. आणि दुसऱ्या दिवशी? उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी देतो, ‘याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन’ असं सांगतो आणि आपल्या वाटेला लागतो. येशूने त्याला त्याबद्दल बोल लावला नाही. उलट ‘जा आणि तूही तसंच कर’ म्हटलं. उतारशाळेचा मालकही त्या सेवेचाच भाग आहे.

आणखी एक. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा इतका थकतो की झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. हात लावून उठवतो, ‘खा’ म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो! दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही आधी ‘खा’च, कारण वाट तुला झेपणार नाही. तुम्ही रात्री सलग शेवटच्या कधी झोपलात? मदतनीस जरूर ठेवा, आणि घरातल्या इतरांनाही कामं वाटून द्या. सासू तुमच्या एकटीच्या नाहीत.

प्रश्न: धाकटा भाऊ सारखे पैसे मागतो, काम मात्र करत नाही. ‘काम करणार नाही त्याने खाऊ नये’ असं बायबलच सांगतं ना?

वाक्य नीट वाचा. 2 थेस्सलनीकाकरांस 3:10 मध्ये प्रेषित पौल काम करण्याची इच्छा नसलेल्यांबद्दल बोलतो. काम न मिळालेल्यांबद्दल किंवा आजाऱ्यांबद्दल नाही. तीनच ओळी पुढे तो म्हणतो, चांगलं करताना खचू नका. तेव्हा आधी भावाजवळ बसून विचारा, नेमकं अडतंय कुठे. व्यसन असेल, तर हातात रोकड देऊ नका; उपचाराला सोबत जा. निव्वळ आळस असेल, तर नाही म्हणा, पण दार बंद करू नका.

प्रश्न: मैत्रिणीचा मुलगा गेला. काय बोलावं सुचत नाही, म्हणून अजून गेलेच नाही.

आजच जा. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. मीही पूर्वी शोकाच्या घरी वचनं पाठ करून जायचो. आता रिकाम्या हाताने जातो, चहाची भांडी विसळतो, आलेले फोन घेतो. ‘देवाची इच्छा’ हे शब्द मात्र तिच्यासमोर काढू नका.

प्रश्न: शेजारचं कुटुंब अडचणीत आहे, पण फार स्वाभिमानी आहे. मदत कशी करावी?

लेवीय 19 मध्ये नियम आहे: शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा (कापणीत खाली पडलेली कणसं) वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. म्हणजे गरिबाने हात पसरायचा नाही, शेतात येऊन स्वतः वेचायचं. बवाज या शेतमालकाने रूथ या गरीब, परक्या विधवेसाठी याच्याही पुढे पाऊल टाकलं. गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम ओढून टाका, ती वेचेल, तिला धमकावू नका. रूथला कदाचित कळलंही नसेल. संध्याकाळी तिने वेचलेलं झोडलं, तर एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू निघाले. दुपारच्या जेवणातलं उरलेलंही तिने सासूसाठी जपून आणलं होतं.

तुमच्याकडे त्यांना जमेल असं काही काम असेल, तर ते द्या आणि मोबदला हात राखून देऊ नका. आणि एखाद्या दिवशी त्यांच्याकडून तुम्हीही काहीतरी मागून घ्या.