शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नाही; आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी साहित्य आणि प्रशिक्षण कोठून मिळवावे?

आपण जत तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवता, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही, मुख्याध्यापकांनी तो विषय आपल्याकडे दिला आणि आता ‘साहित्य कोठून आणू व मी प्रशिक्षण कोठे घेऊ’ असे आपण विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे हाच विषय शिकवला. आपल्या प्रश्नातील ‘मी’ हा शब्द मला टोचला, म्हणून लिहायला बसलो.

साहित्याचे आधी उरकतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीतच शाळेला मैदान असावे आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे, असे लिहिलेले आहे. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्यात शासकीय शाळांसाठी क्रीडा साहित्याची वर्षाची तरतूद प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत ठेवलेली आहे. आपली शाळा जिल्हा परिषदेची असेल, तर ही रक्कम आली का आणि कशावर खर्च झाली, हे कॅशबुकात पाहावे. माझ्या पाहण्यात असे पैसे बहुधा मार्चअखेरीस, दुकानदाराने आधीच बांधून ठेवलेल्या संचावर खर्च होतात आणि त्या संचातून दोन बॅडमिंटन रॅकेट, एक कॅरम व महिनाभरात शिवण उसवणारा फुटबॉल निघतो. चाळीस मुलांचा तास दोन रॅकेटवर घेता येत नाही. त्याऐवजी मैदान आखायच्या फक्कीचे (चुन्याच्या भुकटीचे) पोते, पन्नास मीटरचा टेप, स्टॉपवॉच, शिट्टी, दोरीच्या उड्यांसाठी जाड दोर, दहा-बारा रिंगा आणि खो-खोचे दोन खांब घ्यावेत. लंगडी, लगोरी आणि कबड्डीला तर तेवढेही लागत नाही. ‘आमचे मैदान मुरमाड आहे, इथे काय होणार’ हे वाक्य मी अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे. आपल्याच जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक आणले आणि आमच्या शेजारच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या लांब शर्यतीची) अंतिम फेरी धावल्या. दोघांच्याही तालुक्यांत हिरवळीची मैदाने नाहीत.

तासाला काय घ्यावे, यासाठी प्राथमिकला बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ आहेच. मोठ्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या खेलो इंडिया कार्यक्रमातील शारीरिक क्षमता चाचण्या वर्षातून दोनदा प्रामाणिकपणे घ्याव्यात. ९ ते १८ वयोगटाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पाठीवर झोपून अर्धे उठणे आणि पुश-अप एवढेच त्यात आहे व त्याला टेप आणि घड्याळापलीकडे फारसे काही लागत नाही. ६०० मीटरच्या वेळा शिक्षककक्षात बसून अंदाजाने ॲपमध्ये भरणारे शिक्षक मी पाहिलेले आहेत, म्हणून ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द मुद्दाम वापरला.

आता प्रशिक्षण. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आपल्या जिल्ह्याची सांगलीत आहे, आमची फलटणला. तेथे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी, कारण तोंडी विचारणेची नोंद राहत नाही. आयुष्मान भारत योजनेखाली २०२० पासून जो शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे असते व त्यांनी आठवड्याला एक तास अकरा विषयांवर मुलांकडून कृती करून घ्यायच्या असतात. आपल्या शाळेत हे दोघे कोण आहेत, ते आधी शोधावे. कागदोपत्री कोणीतरी असतेच. या योजनेनेही एकाच माणसावर भरवसा ठेवलेला नाही, दोघे धरले आहेत. माझ्या मते दोघेही पुरत नाहीत आणि मी असे का म्हणतो, ते सांगायला थोडी जागा लागेल.

सप्टेंबर २०१२. वडूजला तालुकास्तरीय शालेय स्पर्धा होत्या आणि मुलींचा खो-खोचा संघ घेऊन मी सकाळी आठलाच वडापच्या जीपने निघालो होतो. शाळेत त्या दिवशी आठवीचा माझा तास मोकळा पडला. अशा वेळी जे सगळीकडे होते तेच झाले: एका सहकारी शिक्षकांनी मुलांना मैदानावर सोडले आणि ते स्वतः लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून घटक चाचणीचे पेपर तपासत बसले. मुलांनी टाचेने रेघ ओढून कबड्डी मांडली. सव्वा वाजण्याच्या सुमारास पकड करताना एकाचे कोपर दुसऱ्याच्या तोंडावर बसले आणि त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट, अखंड, मुरमावर येऊन पडला.

त्यानंतर शाळेतील माणसांनी जे केले, त्यात हलगर्जीपणा अजिबात नव्हता, हे मला आधी सांगितले पाहिजे. सगळे धावले. पोषण आहाराच्या मावशींनी स्वयंपाकघरातून मूठभर हळद आणून हिरडीत दाबली. एका बाईंनी आपला नवा रुमाल मुलाच्या तोंडाला लावला. शिपाई मामांनी मुरमातून दात शोधून काढला, नळाखाली धरला आणि त्यावर रक्ताचे धागे दिसतात म्हणून मुळाकडून अंगठ्याने घासून स्वच्छ, पांढरा केला. मग कोणीतरी वहीचे पान फाडले, दात त्यात पुडी बांधल्यासारखा गुंडाळला आणि हरवू नये म्हणून मुलाच्याच कंपासपेटीत, कर्कटकाशेजारी ठेवला. वडील शेतावर होते. निरोप जाऊन ते तीन वाजता आले. उन्हातून आलेल्या माणसाला तसेच कसे पाठवायचे म्हणून त्यांना शिक्षककक्षात बसवून चहा दिला गेला. मग मोटारसायकलवरून मुलाला घेऊन ते वडूजच्या दंतवैद्याकडे सव्वापाचला पोहोचले. मी तेथून हाकेच्या अंतरावर शिट्टी वाजवत उभा होतो आणि माझा फोन मुलींच्या बॅगांच्या ढिगात होता.

निरोप मिळाल्यावर मी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पुडी उलगडून टेबलावर ठेवली होती. त्यांनी मला शांतपणे समजावले की मुळावर जे लाल धागे दिसत होते, तेच दात हाडाला धरून ठेवणारे जिवंत धागे होते. घासल्याने ते निघाले, उरलेल्या पेशी नळाच्या पाण्यात फुगून फुटल्या आणि त्यातूनही काही वाचल्या असतील, तर त्या चार तास कोरड्या कागदात मेल्या. दात वरच्या, दिसणाऱ्या टोकाला धरून लगेच जागेवर बसवायचा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगायचे. ते जमत नसेल तर दात दुधात टाकून तासाभराच्या आत आणायचा, असे ते म्हणाले. मग त्यांनी साधेच विचारले, “शाळेत दूध नव्हतं का, सर?”

दूध होते. शिक्षककक्षात दोन वाजताच्या चहासाठी अर्ध्या लिटरची पिशवी रोज येत असे. वडिलांना दिलेला चहा त्याच पिशवीचा होता.

यापुढचा भाग माझ्या अडचणीचा आहे. दुधाची ही गोष्ट मला नवी नव्हती. त्याआधी काही वर्षे मी दहा दिवसांचे एक प्रशिक्षण केले होते आणि त्यात प्रथमोपचाराचे दोन दिवस होते. घोळणा फुटला तर मुलाची मान मागे न टाकता पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा, फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये व दातांत चमचा घालू नये, मुरगळलेला पाय चोळू नये, आणि पडलेला दात दुधात ठेवावा, हे सगळे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. वही क्रीडा साहित्याच्या लोखंडी कपाटात होती, प्रथमोपचार पेटीही तेथेच होती आणि कपाटाची चावी वडूजला माझ्या खिशात होती.

मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला: पेटी कुलपात का होती आणि चावी शाळेत का ठेवली नव्हती? मी तीन पाने खुलासा लिहिला. त्यात मी लिहिले की दोन वर्षांपूर्वी जूनच्या सहविचार सभेत मी सर्वांसाठी प्रथमोपचाराचा एक तास मागितला होता आणि दहावीच्या निकालाच्या विश्लेषणाला वेळ पुरत नाही म्हणून तो नाकारला गेला होता. त्यावर ते मला जे म्हणाले, ते आजही आठवते: “प्रशिक्षण ज्यानं घेतलं, काम त्याचं.” हे वाक्य आपल्या शाळांमध्ये नियमासारखे चालते. एक माणूस प्रशिक्षणाला जातो, प्रमाणपत्र फायलीला लागते, आणि त्या क्षणापासून तो विषय बाकीच्यांच्या डोक्यावरून उतरतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा तास गणिताला देताना मात्र हा विषय कोणाचा, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते मुख्याध्यापक चूक होते आणि ते हयात असते तरी मी हेच लिहिले असते. मात्र एकदा नकार मिळाल्यावर मी दोन वर्षे पुन्हा मागणी केली नाही, आणि चावीबाबत ते बरोबर होते. खुलाशाच्या तीन पानांत मी चावीचा विषय एका ओळीत संपवला होता.

पुढच्या जूनमध्ये मला चाळीस मिनिटे मिळाली. मी खडूचे तुकडे घेतले, प्रत्येकाचे अर्धे टोक लाल शाईत बुडवले आणि ओले असतानाच टेबलावर मांडले: पांढरी बाजू दाताची, लाल बाजू मुळाची. प्रत्येकाने खडू उचलून दुधाच्या पेल्यात टाकायचा आणि मग बोटे दाखवायची. मावशींची बोटे कोरी निघाली, लिपिकांचीही. मुख्याध्यापक शेवटी आले, घाईत खडू उचलला आणि त्यांची दोन बोटे लाल झाली. सगळ्यांबरोबर तेही हसले. मला त्या दिवशी जरा जास्तच आनंद झाला होता, हे मान्य करतो. वहीतील ते पान मी त्यानंतर फाडून शिक्षककक्षात चहाच्या स्टोव्हच्या वर चिकटवले आणि प्रथमोपचार पेटी बिनकुलपाची करून कार्यालयाच्या दाराशी ठेवली. पहिल्या महिन्यात पेटीतील कापूस आणि पट्ट्या चोरीला गेल्या, म्हणजे मुलांनी वापरल्या. नव्या आणल्या.

म्हणून आपण एकट्याने प्रशिक्षण घेऊ नये. घ्यावे लागलेच, तर परत आल्यावर आठवडाभरात मुख्याध्यापकांकडून एक तास लेखी मागून घ्यावा, त्यात शिपाई, लिपिक आणि पोषण आहाराच्या मावशी यांना बसवावे आणि मुख्याध्यापकांना पहिल्या बाकावर बसवावे. मूल पडते तेव्हा प्रमाणपत्रवाला जवळ असेलच असे नाही. आपल्या बाबतीत तर आपण प्रयोगशाळेत असाल. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील, तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळायला हवा, तीही मागणी सोडू नये. मात्र तो अंशकालीन आहे, उरलेला वेळ शाळेत तो नसतो.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. दूधदात पडला तर तो परत बसवायचा नसतो, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते; म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आधी दात कोणता ते पाहावे. दात जागेवर बसवताना फार मातीचा असेल, तर दहा सेकंद गार पाण्याखाली धरावा, पण घासू नये. मूल बेशुद्ध असेल, त्याला उलट्या होत असतील किंवा डोक्याला मार असेल, तर दाताचा विचार नंतर. आधी १०८ ला फोन. अनुदानाचे आकडे मी शासकीय शाळांचे दिले आहेत. आपली शाळा खासगी संस्थेची असेल, तर ते लागू धरू नयेत आणि संस्थेच्या कार्यालयात विचारावे. फक्की मारताना वारा पाठीशी ठेवावा आणि मुलांना लांब उभे करावे, चुना डोळ्यात जातो.