गस्सान घराणं अजून तलवारी घडवतंय

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जपानमध्ये पिढीजात तलवारी घडवणारं घराणं आज उरलंय का, आणि पोलाद खरंच हजार वेळा दुमडतात का.

दुसरं आधी सांगतो. साधारण दहा-पंधरा वेळाच दुमडतात. दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणून पंधराव्या घडीला ३२,७६८ थर. हजारांची गोष्ट तिथूनच आली असावी. उगाच दुमडत राहिलं तर कार्बन जळून जातो आणि धार धरत नाही.

आता घराणं. नाराजवळच्या साकुराईत गस्सान सादातोशी (जन्म १९४६) आणि त्यांचा मुलगा सादानोबु काम करतात. मूळ उत्तरेतल्या गस्सान डोंगराच्या परिसरातलं हे घराणं १९व्या शतकात ओसाकाला आलं. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, गिऱ्हाईकच संपलं. तरी घराण्यातले तेव्हाचे लोहार सादाकाझु यांनी ऐरण सोडली नाही. आणि ते दत्तक होते, म्हणजे घराणं रक्ताच्या नात्याने नाही तर कामाने टिकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तलवारी घडवण्यावरच बंदी आली. १९५३ पासून परवान्याने काम सुरू झालं. सादातोशींचे वडील सादाइची यांना १९७१ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला.

आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो, तेच इथलं सगळ्यात जोखमीचं काम. पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. भट्टीघरात अंधार करतात, कारण पोलाद किती तापलंय ते रंगावरूनच ओळखायचं असतं. पाण्यात घातल्याबरोबर धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते आणि पातं पाठीकडे वाकतं. तलवारीचा बाक बराचसा इथेच येतो. धारेला तडा गेला तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया.

परवान्यासाठी किमान पाच वर्षं गुरूच्या हाताखाली काढावी लागतात, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. तेव्हा 'अस्सल कताना' (जपानी लांब तलवार) म्हणून स्वस्तात विकणाऱ्यांकडे वळूच नका.

या घराण्याची ओळख म्हणजे आयासुगी: पोलादात एकामागून एक सरकणाऱ्या लाटा. कधी संग्रहालयात गस्सान पातं दिसलं तर समोर ताठ उभे राहू नका. गुडघे जरा वाकवा, डोकं हळूहळू खालीवर करा. दिव्याचा उजेड पात्यावरून सरकला की त्या लाटा दिसायला लागतात.