माहिती विकत नाहीत, मग जाहिरात कशी येते?

प्रश्न : ‘आम्ही कोणाचीही माहिती विकत नाही’ असे मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या वारंवार सांगतात. मी एका संकेतस्थळावर गुडघ्याला बांधायचा पट्टा केवळ पाहिला. तो विकत घेतला नाही, नावही कुठे दिले नाही. तरी दुसऱ्याच दिवशी समाजमाध्यमावर त्याच पट्ट्याची जाहिरात समोर आली. मग कंपन्यांचे म्हणणे खोटे समजायचे का?

उत्तर : ते बहुतांशी खरे आहे आणि खरी मेख तिथेच आहे. गुगल किंवा मेटा (फेसबुकची मालक कंपनी) आपल्याजवळचा माहितीचा साठा सहसा जाहिरातदाराच्या स्वाधीन करत नाहीत, कारण तेच त्यांचे भांडवल. विकली जाते ती हव्या त्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याची सोय. तुमच्या बाबतीत तर माहिती त्यांच्याकडून बाहेर गेली नसून बाहेरून त्यांच्याकडे आली असावी. उदाहरणार्थ, असंख्य विक्रेते आपल्या संकेतस्थळात मेटाचा ‘पिक्सेल’ हा छोटासा कोड बसवतात. पट्ट्याचे पान उघडताच तो कोड ती नोंद मेटाकडे पाठवतो आणि त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही फेसबुकवर लॉगिन केलेले असेल, तर कुकीच्या, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणेच्या, आधारे ती तुमच्या खात्याशी जुळवता येते. नाव विचारण्याची गरजच पडत नाही.

म्हणूनच ‘विकता का?’ यापेक्षा ‘कशासाठी घेतली आणि कशासाठी वापरली?’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खात्याच्या सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेले फोन क्रमांक आणि ईमेल पत्ते जाहिरातींसाठी वापरल्याच्या प्रकरणात ट्विटरने २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. त्या आरोपाचा मुद्दा विक्रीचा नव्हताच.

परवानगी खरोखर विचारली, तर काय होते, हेही दिसले आहे. ॲपलने २०२१ पासून आयफोनवरील ॲपना इतरत्र माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याची संमती घेणे बंधनकारक केले, तेव्हा त्यापायी २०२२ या एका वर्षात सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटानेच जाहीर केला होता.

तुम्ही ब्राउझरमध्ये ‘थर्ड पार्टी’ कुकी, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या कुकी, बंद कराव्यात. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये इतर संकेतस्थळांनी तुमच्याविषयी पाठवलेल्या नोंदी पाहता येतात आणि खात्यापासून तोडताही येतात. मात्र त्याने नोंदी येणे थांबत नाही, त्या तुमच्या खात्याशी जोडणे तेवढे थांबते.