गावाला आपल्या कलेत सहभागी कसं करून घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही चित्रकार आहात, गोव्यातल्या एका गावात लोकांना बरोबर घेऊन काहीतरी करायचंय, पण लोक येतात, बघतात आणि जातात. त्यांना कामात ओढायचं कसं?

मी फोंडा तालुक्यात जत्रेची मराठी नाटकं बसवतो. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. पण माझ्या मते लोकांना ओढायची गरज नसते. खर्च, निर्णय आणि मिरवायची संधी यांतलं त्यांच्या वाट्याला काय येतं, ते आधी बघा.

आमच्या उत्सवी नाटकात देवळाच्या मंडपात काम करतात ते गावातलेच: पोस्टमन, शाळामास्तर, टॅक्सीवाला. कपडेपट, लाईट, दिग्दर्शकाची बिदागी यांसाठी वर्गणी काढायची, आणि पुष्कळदा भूमिका करणाराच खिशातून पैसे घालतो. त्यामुळे भूमिका वाटताना नुसता अभिनय बघून चालत नाही. ज्याच्या आजोबांनी राजा गाजवला त्याला हुजऱ्याचं काम देऊन बघा, मग कळेल! पाठांतराचा आनंदच असतो. प्रॉम्प्टरचा आवाज कधी कधी नटाच्या आधी तिसऱ्या रांगेत पोचतो. ऐन लढाईच्या प्रवेशात माईकवरून कोणाकोणाची बक्षिसं जाहीर होतात आणि तलवार उगारलेला सेनापती तसाच थांबतो. शहरातून आलेले दिग्दर्शक यावर वैतागतात. मला ते आवडतं. बक्षीस देणारा माणूस तेवढ्यापुरता नाटकाच्या आत आलेला असतो, आणि पुढच्या वर्षी वर्गणी मागायला त्याच्या दारात जाताना आपल्याला संकोच वाटत नाही.

याहून पुढची गोष्ट बघायची असेल तर सत्तरी तालुक्यातलं रणमालं हे लोकनाट्य बघा. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत होतं. रामायण-महाभारतातले प्रसंग पुढे चालतात आणि मागे ओळीने उभे राहून जती, म्हणजे लोकगीतं, गाणारे लोक हाच पडदा. वेगळं नेपथ्य लागतच नाही. पौषात होणाऱ्या धालो या बायकांच्या लोकनृत्यात तर बायका मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, समोरासमोर दोन ओळी करून गातात, नाचतात; तिथे बघणाऱ्यांसाठी म्हणून काही मांडलेलंच नसतं. शिवोली गावच्या जागर या लोकनाट्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचाही वाटा आहे. बाहेरून येऊन कुणी हे जमवून आणलेलं नाही, हे ध्यानात घ्या.

आता तुमच्या क्षेत्राकडे. गोव्यातले चित्रकार सुबोध केरकर यांनी किनाऱ्यावर मच्छीमारांनाच होडीच्या आकारात उभं करून कलाकृती केल्या आहेत. त्यात मला पटतं ते हे, की माणसं त्यांच्याच वाळूवर, त्यांच्याच कामाच्या वस्तूच्या रूपात उभी असतात. त्याउलट पणजीत डिसेंबरमध्ये महोत्सवांत फिरताना 'तुमची भावना लिहा आणि भिंतीवर चिकटवा' असलं काही दिसलं की मी पुढे सरकतो. चिठ्ठी चिकटवणाऱ्याने त्या कामातलं काय बदललं? काहीच नाही.

तेव्हा तुम्ही आराखडा तयार करून गावात जाऊ नका. रिकाम्या हातांनी जा, देवस्थान समितीला भेटा, महिला मंडळाला भेटा, आणि दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या पोरांना विसरू नका. कागद, गवत, तारा आणि रात्र-रात्र जागरण यांचा त्यांच्याइतका अनुभव तुम्हाला कुठल्याही कला महाविद्यालयात मिळणार नाही. भातलावणीच्या दिवसांत कुणाला बोलवू नका. गणेश चवथीला मात्र मुंबई-पुण्याचे लोकही घरी आलेले असतात, तेव्हा बोलणी छान होतात. पैसे कुठून आले, कुठे गेले याचा हिशेब मंडपात वाचून दाखवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही. आणि एखाद्या आजीने तुमचा रंग बदलायला सांगितला तर बदला. तेवढी तयारी नसेल तर सरळ आपलं प्रदर्शन भरवा, त्यातही काही वावगं नाही.

गाव कुठल्या तालुक्यातलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिसवाडीतलं असेल तर कामाला लागण्याआधी गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याचा सांगोड बघून या. होड्या जोडून त्यांवर देखावे उभे करतात, माणसंच सोंगं घेऊन बसलेली असतात. काठावर उभं न राहता एखाद्या गटाला आदल्या रात्री रंगकामाला हात लावू द्याल का, असं विचारा.